विरामचिन्हे, व्याकरण आणि संपादन-कौशल्य : बारामती-इंदापूर परिसरातील महाविद्यालयीन अध्यापनाच्या संदर्भात

प्रस्तावना

पदवी स्तरावरील विद्यार्थ्यांच्या लेखनात विरामचिन्हांचा अभाव, सदोष वाक्यरचना आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आढळतात, ही तक्रार सर्वच विद्याशाखांचे प्राध्यापक करीत असतात. हे काम शालेय स्तरावर व्हावयास हवे होते किंवा ते केवळ मराठी विभागाचे आहे, असे समजून बहुधा हा प्रश्न बाजूला ठेवला जातो. प्रत्यक्षात इतिहासाची उत्तरपत्रिका, वाणिज्य शाखेचा प्रकल्प अहवाल आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराचा वृत्तान्त या तिन्ही ठिकाणी विद्यार्थ्याला लेखन करावे लागते. बारामती व इंदापूर तालुक्यांतील विद्यार्थ्यांचा भाषिक परिसर लक्षात घेऊन या कौशल्यांचे अध्यापन कसे करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

आज आपण वापरतो ती विरामचिन्हांची व्यवस्था मराठीत तुलनेने अलीकडची आहे. मोडी लेखनात दोन शब्दांमध्ये अंतर सोडण्याची व विरामचिन्हे देण्याची प्रथा नव्हती. वाचणारा जाणकार असे आणि संदर्भावरून तो वाक्य तोडून घेई. मुद्रणाचा प्रसार झाल्यावर अपरिचित वाचकासाठी लिहिण्याची वेळ आली, तेव्हा ही व्यवस्था अपुरी पडू लागली. मेजर थॉमस कँडी यांनी १८५० मध्ये ‘विरामचिन्हांची परिभाषा’ ही पुस्तिका सिद्ध करून इंग्रजी वळणाची चिन्हे मराठीत रूढ करण्यास चालना दिली. दादोबा पांडुरंग यांचे मराठी व्याकरण त्यापूर्वीच, १८३६ मध्ये, प्रसिद्ध झाले होते.

लेखनविषयक नियमांच्या एकरूपतेचे श्रेय मराठी साहित्य महामंडळाकडे जाते. महामंडळाच्या चौदा नियमांना १९६२ मध्ये शासनमान्यता मिळाली आणि १९७२ मध्ये आणखी चार नियमांची भर पडली. या नियमांनी उच्चारात नसलेले अनेक अनुस्वार वगळले. जुन्या आवृत्त्यांतील ‘घरें’, ‘तें’ ही रूपे विद्यार्थ्यांना ग्रंथालयात आढळतात. लेखनाचे नियम हे संकेत असून ते काळानुसार बदलतात, हे पटवून देण्यासाठी ती रूपे उपयुक्त ठरतात.

परिसरातील उदाहरणांचा उपयोग

विरामचिन्हे ही सजावट नसून ती अर्थाची वाहक आहेत, हे व्याख्येपेक्षा उदाहरणाने लवकर कळते. ‘ऊस तोडायचा नाही पाणी द्यायचे’ हे वाक्य फळ्यावर लिहिल्यास त्याचे दोन अर्थ निघतात. ‘ऊस तोडायचा. नाही पाणी द्यायचे.’ असे लिहिले तर तोडणी जवळ आली असून पाणी बंद करावयाचे आहे. ‘ऊस तोडायचा नाही. पाणी द्यायचे.’ असे लिहिले तर नेमकी उलट सूचना मिळते. बोलताना आवाजाचा चढउतार हा भेद स्पष्ट करतो. लेखनात ते काम पूर्णविरामाला करावे लागते. ‘प्राचार्य म्हणाले मी उद्या येणार नाही’ या वाक्यातील ‘मी’ म्हणजे प्राचार्य की वाक्य सांगणारा, हा प्रश्नही अवतरणचिन्ह दिल्यावरच सुटतो.

ऱ्हस्व-दीर्घाच्या नियमासाठी ऊस, दूध आणि इंदापूर हे तीन परिचित शब्द पुरेसे आहेत. अ-कारान्त शब्दातील उपान्त्य ई-ऊ दीर्घ असतो; सामान्यरूप होताना तो ऱ्हस्व होतो. म्हणून ‘ऊस’ पण ‘उसाला’, ‘दूध’ पण ‘दुधाचे’, ‘इंदापूर’ पण ‘इंदापुरात’. ‘इंदापूरला’ या रूपात मात्र ‘पूर’ या शब्दांशात बदल होत नाही, त्यामुळे तेथील ऊकार दीर्घच राहतो. ‘गुण’, ‘विष’, ‘शरीर’ यांसारख्या तत्सम शब्दांना हा नियम लागू होत नाही, हा अपवाद त्यानंतर सांगावा.

बारामतीशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, त्या कवी मोरोपंतांचे (१७२९-१७९४) उदाहरणही येथे उपयोगी पडते. त्यांची आर्या मात्रांवर उभी आहे. लघू अक्षराची एक व गुरू अक्षराची दोन मात्रा धरली जात असल्याने एका वेलांटीने चरणाचा हिशेब चुकतो. ऱ्हस्व-दीर्घ हा भेद मुळात कानाचा आहे, हे मात्रा मोजताना विद्यार्थ्याच्या लक्षात येते.

बोली आणि प्रमाणलेखन

या परिसरातील अनेक विद्यार्थी घरी ‘पानी’, ‘व्हतं’, ‘न्हाई’ असे बोलतात. या रूपांना ‘अशुद्ध’ म्हणणे भाषाशास्त्रीय दृष्टीने चुकीचे आणि अध्यापनाच्या दृष्टीने घातक आहे. घरची भाषा चुकीची ठरविली गेली की विद्यार्थी लिहिणेच टाळतो किंवा मार्गदर्शिकेतील वाक्ये जशीच्या तशी उतरवितो. पात्राच्या तोंडची भाषा तिच्या उच्चाराप्रमाणे लिहिण्यास लेखननियमांनीही मुभा दिली आहे. म्हणून बोलीचे स्थान मान्य करून, औपचारिक लेखनाचा संकेत वेगळा का आहे, हे स्पष्ट करणे योग्य होय.

संपादनाची प्रक्रिया

व्याकरणाचे नियम पाठ असूनही विद्यार्थी स्वतःच्या लेखनातील चुका ओळखू शकत नाही, कारण लिहिलेले पुन्हा वाचण्याची सवय त्याला लावलेली नसते. ही सवय लावण्यासाठी पुढील मजकूर उदाहरण म्हणून घेता येईल :

‘आमच्या गावात पाणी टंचाई असल्या मुळे व कालव्याचे पाणी वेळेवर येत नसल्याने शेतकर्यांचे नुकसान होत आहे तरी साहेबांनी लक्ष द्यावे ही विनंती’

संपादन चार टप्प्यांत करावे. प्रथम अर्थ पाहावा : अर्जदाराला नेमके काय हवे आहे? त्यानंतर वाक्यरचना, मग विरामचिन्हे आणि शेवटी शुद्धलेखन पाहावे. हा क्रम महत्त्वाचा आहे. जे वाक्य पुढे वगळावे लागणार आहे, त्याच्या वेलांट्या सुधारण्यात अर्थ नाही. शेवटच्या टप्प्यावर ‘असल्या मुळे’ हा शब्द जोडून लिहावा लागतो, कारण शब्दयोगी अव्यय शब्दाला जोडूनच येते. ‘शेतकर्यांचे’ ऐवजी ‘शेतकऱ्यांचे’ हवे. रफार आणि ‘ऱ्य’ यांतील भेद ‘आचार्यांना’ व ‘आचाऱ्यांना’ या जोडीवरून चटकन समजतो : पहिले गुरुजन, दुसरे स्वयंपाकी.

संपादित मजकूर असा होईल :

‘नीरा डाव्या कालव्याचे पाणी वेळेवर येत नाही. त्यामुळे आमच्या गावातील शेतकऱ्यांचे नुकसान होत आहे. पुढील आवर्तनाची तारीख कळवावी, ही विनंती.’

मूळ अर्जात मागणीच नव्हती. वाक्य कोठे संपवावे, हा विचार करताना ती उणीव उघडकीस आली. पूर्णविरामाची चूक अनेकदा विचाराच्या अपुरेपणाची खूण असते, आणि संपादन शिकविण्याचे खरे प्रयोजन हेच आहे.

तपासणीची पद्धत

लाल शाईने भरलेले पान विद्यार्थ्याला काहीच शिकवीत नाही, कारण चूक प्राध्यापकाने शोधलेली व सुधारलेलीही असते. त्याऐवजी चूक असलेल्या ओळीसमोर समासात केवळ खूण करावी आणि चूक शोधण्याचे काम विद्यार्थ्यावर सोपवावे. एका स्वाध्यायात एकाच प्रकारच्या चुकीकडे लक्ष द्यावे. वर्गातील मोठी संख्या ही या पद्धतीची मुख्य अडचण आहे. विद्यार्थ्यांनी जोडीने परस्परांचे लेखन मोठ्याने वाचून तपासल्यास ती काही अंशी दूर होते. मोठ्याने वाचताना वाचक जेथे अडखळतो, तेथे बहुधा दोष असतोच.

समारोप

विरामचिन्हे, व्याकरण आणि संपादन हे तीन स्वतंत्र घटक म्हणून शिकविल्यास ते परीक्षेपुरते राहतात. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या लेखनावर ते एकत्रितपणे योजले तर त्याला आपले म्हणणे अनोळखी वाचकापर्यंत पोहोचविता येते. ज्या कुटुंबांत अर्ज लिहून घेण्यासाठी आजवर दुसऱ्याकडे जावे लागत होते, तेथील मुलामुलींच्या दृष्टीने हे कौशल्य स्वावलंबनाचे साधन आहे. म्हणूनच सर्व विषयांच्या प्राध्यापकांनी ही जबाबदारी आपली मानणे आवश्यक आहे.