संस्थेचा ‘मालक’ कोण? बँकेच्या फॉर्ममधील एक रकाना

बारामती आणि इंदापूर भागातील आपले बरेच व्यापारी व कारागीर बंधू दुकानाबरोबर एखाद्या संस्थेचेही काम पाहतात. कोणी जमातीचा खजिनदार, कोणी मदरशाचा सेक्रेटरी, कोणी कब्रस्तान कमिटीचा सभासद. अशा संस्थेच्या खात्याची केवायसी नवी करताना बँक जो फॉर्म देते त्यात ‘बेनिफिशियल ओनर’, म्हणजे लाभार्थी मालक, असा एक रकाना असतो. तो पाहून पुष्कळ जण बिचकतात. संस्था खैराती, नफा कोणी घेत नाही, मग मालक कुठला? म्हणून रकाना कोरा ठेवतात किंवा संस्थेचेच नाव लिहून मोकळे होतात. दोन्ही चालत नाही. फॉर्म परत येतो, आणि पूर्तता रेंगाळली तर खात्यातून रक्कम काढणे बंद होऊ शकते. रमजानच्या तोंडावर असे झाले की इमामसाहेबांचा पगार आणि मदरशाचे किराण्याचे बिल एकदमच अडते.

येथे मालक म्हणजे नफा घरी नेणारा नव्हे. संस्थेची दोरी शेवटी ज्याच्या हातात आहे तो हाडामांसाचा माणूस. आपल्या धंद्यातले उदाहरण घ्या. ताग्यावर शिक्का एकाचा असतो, माल विणणारा दुसरा असतो. बँकेला शिक्का नको, विणणारा हवा आहे.

हा नियम मनी लाँड्रिंग प्रतिबंधक कायदा 2002 व त्याखालील 2005 च्या नियमांतून आला आहे. मार्च 2023 मध्ये तो अधिक कडक झाला. ट्रस्ट असेल तर चौघांची माहिती लागते: ट्रस्ट स्थापन करणारा, सर्व विश्वस्त, 10 टक्के किंवा अधिक हितसंबंध असलेला लाभार्थी, आणि यांच्याशिवाय ज्याचा ट्रस्टवर प्रत्यक्ष ताबा चालतो असा कोणीही. मशिदीत नमाजीचा किंवा मदरशात विद्यार्थ्याचा असा टक्केवारीचा हिस्सा नसतो, त्यामुळे तिसऱ्या प्रकारात सहसा कोणी येत नाही. स्थापन करणारे मरहूम झाले असतील तर नाव लिहून पुढे ‘मयत’ असे स्पष्ट लिहावे. सोसायटी असेल तर मर्यादा 15 टक्क्यांची आहे. तेवढा हिस्सा कोणाचाच नसल्याने मुख्य कारभारी, म्हणजे बहुधा अध्यक्ष किंवा सेक्रेटरी, यांचे नाव द्यावे लागते.

खरी अडचण चौथ्या प्रकारात आहे. कमिटीत नाव नाही, पण ज्यांच्या होकाराशिवाय पान हलत नाही असे एखादे वजनदार सेठ पुष्कळ ठिकाणी असतात. पैसा त्यांचा, शब्द त्यांचा, सही मात्र दुसऱ्याची. त्यांची नियत साफ असेलही, पण कायद्याच्या नजरेत ते लाभार्थी मालक ठरू शकतात. आमचे मत असे की अशांनी सरळ कमिटीत यावे, नाहीतर कारभारातून हात काढावा.

दुसरी अडचण जुन्या कागदांची. बँक तुमच्या फॉर्मवरील नावे धर्मादाय कार्यालयाच्या परिशिष्ट 1 च्या उताऱ्याशी ताडून पाहते. उताऱ्यावर तीस वर्षांपूर्वीचे विश्वस्त, त्यातले निम्मे अल्लाहला प्यारे झालेले, आणि बैठकीत बसणारे सगळे नवे, ही गोष्ट गावोगाव दिसते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 22 प्रमाणे विश्वस्त बदलल्यापासून 90 दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. इंदापूरहून पुणे सव्वाशे किलोमीटरच्या वर, एका तारखेला दुकान दिवसभर बंद, म्हणून लोक टाळतात. दुकानाचा गुमास्ता परवाना आपण जपून ठेवतो, जमातीच्या उताऱ्याची मात्र कोणी चौकशी करीत नाही. अर्जासोबत सभेची नोटीस, ठराव, नव्या विश्वस्तांची संमतीपत्रे, आणि राजीनामा किंवा मृत्यूचा दाखला लागतो. नोटीस दिल्याचा पुरावा व हजेरीच्या सह्या नसतील तर प्रकरण लांबते. उशीर झाला असेल तर विलंब माफीचा अर्जही जोडावा.

संस्था वक्फ असेल तर मुतवल्ली किंवा कमिटीचा कागद वक्फ बोर्डाचा लागतो. मुसलमानांनी काढलेली प्रत्येक धर्मादाय संस्था वक्फ ठरत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2022 मध्ये महाराष्ट्राच्याच प्रकरणात दिला आहे. तेव्हा आपले दप्तर कोणत्या कार्यालयात आहे हे आधी पाहावे.

याशिवाय ‘दर्पण’ नोंदणी आहे. ना-नफा संस्थेची नोंद नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर नसेल तर ती करण्याची जबाबदारी 2023 च्या नियमाने बँकेवर टाकली आहे, आणि खाते बंद झाल्यावरही पाच वर्षे ते दप्तर तिला ठेवावे लागते. पण बँकेच्या भरवशावर राहू नये, आपणच करून घ्यावी. ती विनामूल्य आहे. संस्थेचा पॅन आणि पदाधिकाऱ्यांचे पॅन व आधार लागतात. कोणी एजंट सरकारी फी म्हणून रक्कम मागत असेल तर देऊ नये.

हे सारे केवळ आपल्याच संस्थांसाठी आहे, अशी कुजबुज ऐकू येते. ती बरोबर नाही. मंदिराचा ट्रस्ट, चर्च, शिक्षण संस्था, सर्वांना नियम एकच आहे. याचे मूळ 1989 मध्ये जी-7 देशांनी स्थापन केलेल्या एफएटीएफ या संघटनेच्या शिफारशींत आहे. सप्टेंबर 2024 मध्ये तिने भारताचा अहवाल प्रसिद्ध केला, त्यात ना-नफा संस्थांविषयीच्या आठव्या शिफारशीवर ‘अंशतः पालन’ असा शेरा आहे. मात्र त्याच शिफारशीप्रमाणे उपाय धोक्याच्या प्रमाणात असावेत, चांगल्या संस्थांचे काम अडू नये. बँकेने गैरवाजवी अडवणूक केली तर लेखी कारण मागावे आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी.

केवायसी जोखमीप्रमाणे 2, 8 किंवा 10 वर्षांनी नवी करावी लागते. आपल्या खात्याची पाळी कधी आहे हे शाखेत आजच विचारता येईल. बदल अर्ज मंजूर व्हायला मात्र महिने लागतात, म्हणून उतारा आधी काढावा, फॉर्म नंतर भरावा.