अंतर मिटलं, करार उरला

महिला क्रिकेट विश्वचषकाची अंतिम लढत २ नोव्हेंबर २०२५ला पावसामुळे तीनऐवजी पाचला सुरू झाली, तेव्हा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मराठी घरांत पहाटेचे साडेतीन वाजले होते. त्यात तिकडची घड्याळं नेमकी त्याच रात्री तासभर मागे गेलेली, म्हणजे गजराचाही घोळ. भिलाईच्या सेक्टर दहामधले माझे एक परिचित, पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले, सामना संपत आला तसे तिकडच्या मुलाशी फोनवर बोलत बसले होते. हरमनप्रीतने मागे धावत डी क्लर्कचा झेल घेतला आणि हे ओरडले, “गेली रे!” तिकडून वैतागलेला आवाज आला, “बाबा, सांगू नका ना! माझ्याकडे दीप्ती आत्ता बॉल टाकायला येतेय.”

जग जवळ आलं म्हणतात, ते हे असं.

या सामन्याच्या अकरा दिवस आधी पुण्यात ते जवळ आणणाऱ्यांपैकी एक, अवकाशशास्त्रज्ञ एकनाथ वसंत चिटणीस गेले. शंभरी पूर्ण करून. श्रद्धांजलीच्या बातम्यांत थुंबा होतं, इस्रो होतं. पण भिलाईच्या पंचक्रोशीने त्यांना आठवावं ते ‘साइट’ प्रयोगासाठी. कोल्हापुरात जन्मलेला हा माणूस त्या प्रयोगाचा कार्यक्रम व्यवस्थापक होता. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर, नासाच्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत थेट टीव्ही दिसला. त्यात तेव्हाच्या मध्य प्रदेशातले रायपूर, बिलासपूर आणि दुर्ग हे जिल्हे होते. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची तीन मीटर व्यासाची छत्री, खाली गावाचा एकच संच. सकाळी शाळेतल्या पोरांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी शेती, आरोग्य आणि थोडी करमणूक. गंमत म्हणजे प्रयोग खेड्यांसाठी असल्याने भिलाईच्या सेक्टरांचा त्यात नंबरच नव्हता. पोलाद गाळणाऱ्या शहराआधी शेजारच्या खेड्यांनी टीव्ही पाहिला.

आणि ३१ जुलै १९७६ ला तो बंद पडला. बिघाड काहीच नव्हता. मुदत संपली, अमेरिकेने उपग्रह परत नेला. छत्तीस हजार किलोमीटर उंचीवरून चित्र उतरवण्याचं काम चिटणीसांच्या मंडळींनी चोख केलं होतं. आड आला तो करार. पन्नास वर्षांत यात फारसा फरक पडलाय, असं मला वाटत नाही.

भिलाईतल्या मराठी कुटुंबांनी अंतराचा जाच सोसला, हे खरंच. मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झालं, पण ‘चिमणराव’ किंवा ‘गजरा’ इथपर्यंत कुठला पोचायला? १९७७ ला रायपूरचं प्रक्षेपण केंद्र आलं, तेही हिंदीतलं. मराठी कार्यक्रम सुट्टीत माहेरी गेल्यावरच पाहायचे. ‘अल्फा मराठी’ १९९९ मध्ये उपग्रहावरून आलं आणि दुर्गपासून मुंबईपर्यंत एकाच वेळी ‘आभाळमाया’ लागू लागली. पुढे आयपीएलची मराठी कॉमेंट्रीही मोबाइलवर आली. अंतराचा प्रश्न तिथेच संपला.

त्या परिचितांचा मुलगा मात्र सातासमुद्रापार जाऊनही अडकला, तो वेगळ्याच कुंपणात. बाबांच्या स्ट्रीमिंग खात्याचा पासवर्ड त्याच्याकडे आहे, वर्षाचे पैसे भरलेले आहेत, पण तिथे उघडलं की ‘तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही’. प्रक्षेपणाचे हक्क देशवार विकले जातात. भारतात एकाकडे, अमेरिका-कॅनडात ‘विलो’ वाहिनीकडे. आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे हक्क ४८,३९० कोटींना गेले, त्यात भारतीय उपखंडाबाहेरच्या साऱ्या जगाचा वाटा जेमतेम हजारेक कोटींचा. परदेशातल्या प्रेक्षकाची पर्वा कुणी का करावी, याचं उत्तर या आकड्यात आहे. भावना अनिवासी भारतीयांच्या, हिशेब मात्र निवासींचा.

उपाय अवघड नाही. भारतात पैसे भरणाऱ्या घरातल्या एका परदेशस्थ माणसाला थोडे जादा पैसे घेऊन तेच प्रक्षेपण, त्याच भाषेत द्यावं. तंत्र हाताशी आहे, गिऱ्हाईकही तयार आहे. आयसीसीचा भारतातला करार आणि आयपीएलचा करार, दोन्ही २०२७ मध्येच संपताहेत. नव्या निविदांत असं कलम घालून घेणं आयसीसी आणि क्रिकेट मंडळाच्या हातात आहे. ते घालतील यावर मी पैज लावणार नाही.