मालक बाहेर पडल्यावर सुरू होणारं भुंकणं

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भरदुपारी मेसेज येतो, ‘पाचव्या मजल्यावरचा कुत्रा सकाळपासून भुंकतोय, कुणीतरी बघा.’ संध्याकाळी पाचव्या मजल्यावरून उत्तर येतं, ‘आमचा कुत्रा भुंकतच नाही हो. आम्ही असतो तेव्हा नुसता लोळत पडलेला असतो.’ मग सेक्रेटरी मध्ये पडतात, जुनी पार्किंगची भांडणं वर निघतात आणि कुत्रा बाजूलाच राहतो.

या भांडणात दोघंही खरं बोलत असतात. घरात माणूस असताना कुत्रा शांत असतो, आणि माणूस नसताना जे घडतं ते मालकाच्या कानावर कधीच पडत नाही. शेजाऱ्याला आवाज ऐकू येतो, पण दाराआड काय चाललंय ते दिसत नाही. मग तो आपल्या परीनं अर्थ लावतो: माजलाय, लाडावलाय, वळण नाही. एकट्या कुत्र्याच्या भुंकण्याबद्दलचे बरेचसे गैरसमज या अर्धवट माहितीतून आलेले आहेत, आणि त्यापायी हाल होतात ते कुत्र्याचे.

सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे, ‘कुत्रा आहे, भुंकणारच. घर राखतोय.’ राखणीचं भुंकणं असतंच, पण त्याची जात वेगळी असते, आणि हा फरक मोजून दाखवता आलेला आहे. सोफिया यिन या अमेरिकी पशुवैद्यकांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाराची बेल वाजल्यावरचं, खेळतानाचं आणि एकटं ठेवल्यावरचं भुंकणं ध्वनिमुद्रित करून तपासलं. बेल वाजल्यावरचं भुंकणं खालच्या पट्टीतलं, खरखरीत आणि एकामागोमाग एक असं निघालं. एकटेपणातलं भुंकणं वरच्या पट्टीतलं, सुटंसुटं होतं. बुडापेस्टच्या एओटव्होश लोरांड विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ साली याची दुसरी बाजू दाखवली. मुडी जातीच्या हंगेरियन कुत्र्यांचं वेगवेगळ्या प्रसंगांतलं भुंकणं त्यांनी लोकांना ऐकवलं. घरी कुत्रा असलेल्यांनी आणि नसलेल्यांनीही, कुठलं भुंकणं कुठल्या प्रसंगातलं हे नुसत्या अंदाजापेक्षा बरंच नेमकं ओळखलं. म्हणजे कुत्रा न पाळलेल्या शेजाऱ्यानं नीट कान दिला, तर जिन्यात कुणी आल्यावरचं भुंकणं कुठलं आणि एकटं पडल्यावरचं कुठलं, हे त्यालाही कळू शकतं.

दाराआड काय घडतं ते पाहायचं असेल तर एक जुना मोबाइल पुस्तकांच्या कपाटावर ठेवून रेकॉर्डिंग सुरू करून बाहेर पडावं. ठाण्यातल्या एका ओळखीच्या घरातलं असं रेकॉर्डिंग मी पाहिलंय. दार लागतं. तांबूस रंगाची देशी कुत्री उंबऱ्याशी उभी आहे. बाहेर लिफ्टचं दार वाजतं, तसे तिचे कान फिरतात. दाराखालच्या फटीला नाक लावून ती जोरजोरात हुंगते. हॉलमध्ये एक फेरी मारते, खिडकीशी जाते, पुन्हा दाराशी येते. थोड्या वेळानं बारीक कुईंकुईं सुरू होते. मग एकदाच भुंकते आणि कान टवकारून ऐकत राहते. कुणी येत नाही. पुन्हा एकदा भुंकते, पुन्हा ऐकते. निघताना तिच्यापुढे ठेवलेलं चिकनचं आवडतं बिस्किट तसंच पडलेलं आहे. तोंडातून लाळ गळून दारापुढची फरशी ओली झाली आहे. दाराचा सनमायका आतल्या बाजूनं, कडीच्या अंगाला, पंजा पोचेल तेवढ्या उंचीपर्यंत उचकटलेला दिसतो. एवढ्या वेळात जिन्यावर कुणीही आलेलं नाही. ही राखण नाही. गेलेल्या माणसामागे जायची ही धडपड आहे.

पशुवैद्यक याला सेपरेशन अँग्झायटी म्हणतात. भुंकणं, रडणं, दार-खिडक्या ओरबाडणं, शिकवलेलं असूनही घरातच शी-शू करणं, लाळ गळणं ही त्याची लक्षणं, आणि ती बहुधा माणूस बाहेर पडल्यावर पहिल्या अर्ध्या तासातच दिसू लागतात. बुडापेस्टच्याच संशोधकांनी १९९८ साली, लहान मुलांची आईबद्दलची ओढ तपासण्यासाठी वापरली जाणारी चाचणी कुत्र्यांवर करून पाहिली होती. अनोळखी खोलीत मालक असताना, तो गेल्यावर आणि परतल्यावर कुत्रा कसा वागतो, हे त्यांनी पाहिलं. कुत्र्याचं वागणं लहान मुलांच्या वागण्याशी पुष्कळ जुळलं. मालक जवळ असला की कुत्रा नव्या जागी धीटपणे फिरतो, खेळतो. तो गेला की त्याचा धीर सुटतो. काही कुत्रे लवकर सावरतात. काहींना ते जमत नाही, आणि सोसायटीभर ऐकू येतात ते हेच.

मग येतो सुडाचा आरोप. ‘एकट्याला ठेवून गेलो म्हणून मुद्दाम करतो. आणि बघा, घरी आलो की कसा मान खाली घालून बसतो, चूक कळते त्याला.’ हा गैरसमज मला सगळ्यात घातक वाटतो, कारण पुढची मारहाण यातूनच होते. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली हा ‘अपराधी चेहरा’ तपासला. मालक खोलीबाहेर असताना कुत्र्यानं खाऊ खाल्ला की नाही, याबद्दल मालकांना काही वेळा खरं सांगितलं, काही वेळा खोटं. खाली घातलेली मान आणि चोरटी नजर ही कुत्र्यानं खाऊ खाल्ला होता की नाही यावर अवलंबून नव्हती. मालक रागावला की ती दिसायची, आणि काहीही न केलेला कुत्राही तसाच चेहरा करायचा. आपण ज्याला पश्चात्ताप समजतो ती आपल्या रागाची भीती असते. दिवसभर घाबरलेल्या कुत्र्याला संध्याकाळी मालक आल्यावरही मार बसला, तर एकटं राहणं भयंकर आणि माणूस परत येणंही भयंकर, एवढंच तो शिकतो.

‘पलंगावर झोपवता, सोफ्यावर बसवता, म्हणून लाडावलाय’ असंही म्हटलं जातं, आणि बिचारे मालक अपराधी होऊन कुत्र्याला एकदम दूर ठेवू लागतात. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठातल्या जेरार्ड फ्लॅनिगन आणि निकोलस डॉडमन यांनी २००१ साली असा त्रास असलेल्या २०० आणि नसलेल्या २०० कुत्र्यांची तुलना केली. लाड करण्याचा या त्रासाशी संबंध आढळला नाही. घरात एकच प्रौढ माणूस असलेल्या कुत्र्यांमध्ये मात्र त्याचं प्रमाण सुमारे अडीच पट होतं. घरभर मालकाच्या पायात पायात करत फिरणाऱ्या, त्याला क्षणभर नजरेआड न होऊ देणाऱ्या कुत्र्यांमध्येही तो अधिक दिसला. तेव्हा पलंगावरची जागा काढून घेण्यात अर्थ नाही. कुत्र्याचा जीव एकाच माणसात अडकू नये म्हणून घरातल्या इतरांनीही त्याला खायला घालावं, फिरवून आणावं, हे जास्त उपयोगाचं. याच अभ्यासात घरातल्या दुसऱ्या प्राण्यामुळेही फरक पडलेला दिसला नाही, त्यामुळे ‘सोबतीला अजून एक आणा’ हा सल्लाही जपूनच घ्यावा. त्याला हवा असतो तो माणूस. दुसरा कुत्रा आणून कधी कधी दोघांचं भुंकणं ऐकायची वेळ येते.

‘त्याला वेळेचं काय कळतं, अर्धा तास गेलो काय नि दिवसभर गेलो काय’ हेही खरं नाही. स्वीडनमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मालक दोन तासांनी परतला तेव्हा कुत्र्यांनी केलेलं स्वागत अर्ध्या तासानंतरच्या स्वागतापेक्षा स्पष्टपणे जोरदार होतं.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. एकट्यानं भुंकणारा प्रत्येक कुत्रा घाबरलेलाच असतो, असं धरून चालणं हाही एक नवा गैरसमज होऊ लागलाय. इंग्लंडच्या लिंकन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली २,७०० हून अधिक कुत्र्यांची माहिती तपासून दाखवलं की एकटेपणातल्या या त्रासामागे एकच कारण नसतं. कुणाला घरातून बाहेर पडायचं असतं, कुणी बाहेरच्या आवाजांनी बिथरतो, कुणी सरळसरळ कंटाळलेला असतो. आपल्याकडे तर कुत्र्याला बाल्कनीत ठेवून जायची पद्धत फार आहे. खाली रस्त्यावरची कुत्री फिरतात, कुरिअरवाल्याची बाइक थांबते, समोरच्या इमारतीत कबुतरं बसतात, उन्हानं फरशी तापते. माणसाला सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला ४५,००० च्या आसपासपर्यंतचे. एवढं सगळं समोर असल्यावर तो दिवसभर भुंकला तर नवल नाही. अशा कुत्र्याला आतल्या खोलीत ठेवलं, पडदे ओढले, पंखा किंवा रेडिओ लावला, सकाळी दहा मिनिटं खाली नेऊन आणण्याऐवजी चांगला हुंगत हुंगत फिरवला, तर बऱ्याचदा फरक पडतो. जो खरोखर घाबरलेला आहे त्याला मात्र नुसतं दमवून उपयोग होत नाही. दमलेला असला तरी तो घाबरतोच. निघताना दिलेला आवडता खाऊ तो खातो की नाही, हे यासाठी बघावं. कंटाळलेला कुत्रा बहुधा तो फस्त करतो. भेदरलेला सहसा त्याला तोंड लावत नाही.

‘कोंडून ठेवा, भुंकून भुंकून थकेल, सवय होईल’ हा सल्ला जाणती माणसंही देतात. भीतीची अशी सवय होत नाही. रोज घाबरणारा कुत्रा हळूहळू आणखी लवकर घाबरू लागतो. आधी दार बंद झाल्यावर रडणारा पुढे किल्ल्यांचा आवाज आला, मोजे घातले, डबा पिशवीत भरला की रडू लागतो. उपचार सुरू होतो तो याच गोष्टींपासून. किल्ल्या उचलायच्या आणि कुठेही न जाता सोफ्यावर बसायचं. चपला घालून ओट्याशी चहा करायचा. मग दाराबाहेर जाऊन पाच सेकंदांत परत यायचं, तेही काही विशेष घडलंच नाही अशा थाटात. कुत्रा शांत राहतोय असं दिसलं तरच दहा सेकंद, मग अर्धं मिनिट. घाबरला तर एक पायरी मागे यायचं. शिकवणं चालू आहे तोवर त्याला मोठ्या वेळासाठी एकटं सोडायचं नाही, आणि नोकरदार घरात खरी अडचण इथेच येते. आजी-आजोबा, शेजारच्या काकू, कुत्र्याला सांभाळणारं पाळणाघर, घरातल्या दोघांच्या वेगवेगळ्या पाळ्या, जे जमेल ते काही आठवडे जुळवावं लागतं. फार त्रास असेल तर पशुवैद्यक सोबत औषधंही देतात. फ्लुओक्सेटिन आणि क्लोमिप्रामिन या औषधांना अमेरिकेत खास या त्रासासाठी मान्यता आहे. औषध दिलं म्हणजे कुत्र्याला गुंगीत ठेवलं, असं नाही. भीती उतरली की शिकवलेलं त्याच्या डोक्यात शिरतं. माणसाच्या गोळ्या घरच्या घरी तोडून देणं मात्र जिवावर बेतू शकतं. म्हाताऱ्या कुत्र्यानं अचानक भुंकायला सुरुवात केली तर आधी तपासणी करून घ्यावी, कारण सांधेदुखी, कमी झालेली नजर आणि वयामुळे होणारा मेंदूचा ऱ्हास यांमुळेही कुत्रे एकटे राहायला घाबरतात.

भुंकलं की झटका देणारे पट्टे ऑनलाइन सहज मिळतात. ते आवाज बंद करतात, भीती तशीच ठेवतात आणि वर वेदना देतात. वेल्सनं विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्यांवर २०१० सालीच बंदी घातली. घाबरून भुंकणाऱ्या कुत्र्याच्या गळ्यात तसा पट्टा बांधणं ही माझ्या मते सरळ क्रूरता आहे, आणि शेजाऱ्यांच्या दबावाखाली ती करायला निघालेल्या मालकाला कुणीतरी स्पष्टपणे अडवायला हवं.

अशुभाबद्दल फार लिहायला नको. रात्री कुत्रं रडलं की कुणाचं तरी बोलावणं आलं, असं अजूनही अनेक घरांत मानतात. गळा काढून रडणं ही लांबवरच्या सोबत्याला दिलेली हाक असते, लांडग्यांपासून चालत आलेली. रडणाऱ्या कुत्र्याला दगड मारून कुणाचं मरण टळत नाही.

कायद्याबद्दलचे गैरसमज दोन्ही बाजूंना आहेत. सर्वसाधारण सभेत ठराव करून सोसायटीला कुत्रे पाळण्यावर बंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ सालच्या मार्गदर्शक सूचना सांगतात, आणि भुंकणं हे बंदीचं कारण होऊ शकत नाही, हेही त्यात आहे. हा कागद खिशात घेऊन फिरणारे मालक त्यातलाच दुसरा भाग विसरतात: कुत्रा शांत राहावा, विशेषतः रात्री, यासाठी प्रयत्न करायला त्याच सूचना मालकाला सांगतात. आणि १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये, नेहमी साखळीला बांधलेल्या किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं न फिरवणं हाच गुन्हा ठरवलेला आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये, म्हणजे आज त्याचा धाक कुणालाच नाही. पण दिवसभर बाल्कनीत बांधलेल्या कुत्र्याबद्दल बोलणारा शेजारी नसती उठाठेव करत नाही, एवढं त्यावरून स्पष्ट व्हावं.

म्हणून शेजाऱ्यानं ग्रुपवर मेसेज टाकण्याआधी दोन-तीन दिवस एवढं टिपून ठेवावं: भुंकणं किती वाजता सुरू झालं, मालक निघाल्यावर किती वेळानं, सलग होतं की थांबत थांबत, कधी थांबलं. भिंतीपलीकडून मोबाइलवर एक-दोन मिनिटांचा आवाज घ्यावा आणि तो मालकालाच, घरी जाऊन, ऐकवावा. मालकानं त्याच दिवसांत आतून रेकॉर्डिंग करावं आणि दोन्ही घेऊन पशुवैद्यकाकडे जावं. दवाखान्यात मालकाशेजारी बसलेला कुत्रा शांतच दिसणार, त्यामुळे डॉक्टरांनाही पाहायला दुसरं काही नसतं.