सोनभांडारचे कुलूप

बोधगया, राजगीर, नालंदा अशी धम्मयात्रा करून आलेले आमचे बांधव गृध्रकूटाविषयी, वेळुवनाविषयी भरभरून बोलतात आणि मग हळूच विचारतात, 'त्या सोनभांडारचे खरे काय हो?' राजगीरला वैभार टेकडीच्या पायथ्याशी हे लेणे आहे. भिंतीमागे बिंबिसाराचा खजिना आहे, भिंतीवरच्या अक्षरांत दार उघडण्याचा मंत्र आहे, इंग्रजांनी तोफ डागली तरी दगड हलला नाही, असे तिथे सांगितले जाते. सांगणाऱ्या टांगेवाल्याला आम्ही दोष देत नाही, त्याचे पोट त्यावर आहे.

ती अक्षरे शंखलिपीतील आहेत. शंखासारखी वळणे, म्हणून हे नाव. विदिशेजवळच्या उदयगिरीवरही ती सापडते. तिचे सर्वमान्य वाचन अजून झालेले नाही. ही बहुधा माणसांची नावे असावीत, असे अभ्यासकांचे मत आहे. म्हणजे मंत्र म्हणून ज्याची पूजा चालली ते कुणा वाटसरूचे नाव निघायचे!

गंमत अशी की त्याच लेण्याच्या दाराजवळ दुसरा लेख आहे आणि तो वाचता येतो. तिसऱ्या-चौथ्या शतकातील ब्राह्मी अक्षरांत तो सांगतो, की मुनी वैरदेवांनी तपस्व्यांसाठी ही लेणी करविली. बिंबिसार त्याच्या सात-आठशे वर्षे आधीचा. लेणे जैन श्रमणांचे आहे, ते त्यांचेच म्हणावे. ओढूनताणून बौद्ध ठरवण्याची आम्हाला गरज नाही. पण घरदार, धनदौलत सोडलेल्यांच्या निवाऱ्यात लोक सोने शोधतात आणि वाचता येणाऱ्या लेखाकडे पाठ फिरवतात, याला काय म्हणावे?

हे जुनेच दुखणे आहे. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने अशोकाचे स्तंभ दिल्लीला आणले. पंडितांना बोलावले, एकालाही अक्षर लागेना. तेव्हा काहींनी ठोकून दिले, 'फिरोज नावाचा सुलतान हा खांब हलवील असे यात लिहिले आहे!' सम्राट अशोकाचे खरे शब्द कळायला १८३७ साली प्रिन्सेप यावा लागला. अक्षरांवर ज्यांनी पहारा बसवला त्यांनाच अक्षर वाचता येत नव्हते.

आमच्याकडे सोपाऱ्याच्या टेकाडाला लोक 'बुरूड राजाचा कोट' म्हणत. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी ते खणले, तर निघाला स्तूप. दगडी पेटीत एकात एक करंडक होते, त्यांत सोन्याचाही होता. आणि त्या सोन्याच्या आत जपून ठेवलेले काय, तर भिक्षापात्राचे तुकडे.

आता २०१३ साल घ्या. उत्तर प्रदेशातील डौंडिया खेडा गावी एका साधूला हजार टन सोन्याचे स्वप्न पडले आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने खणायला सुरुवात केली. खापऱ्या, विटा निघाल्या, सोने नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला. गुप्तधनासाठी अघोरी कृत्य करणे हा त्यात गुन्हा आहे, कारण इथे पायाळू माणसाचा शोध आणि अमावास्येची रात्र नरबळीपर्यंत जाते आणि बळी जातो तो गरिबाचा. कायद्यात दक्षता अधिकाऱ्याची तरतूद आहे. आपल्या पोलीस ठाण्यात तो कोण, हे प्रत्येक विहार समितीने या आठवड्यात जाऊन विचारावे आणि त्याचे नाव, फोन नंबर विहाराच्या फळ्यावर लिहावा.