महालक्ष्मीची साडी आणि शिवण शिकणारी लेक

भाद्रपदाच्या शुद्ध पक्षात अनुराधा नक्षत्र आले, की मराठवाड्यातील घराघरांत ज्येष्ठा-कनिष्ठा माहेरपणास येतात. इतरत्र ज्यांना गौरी म्हणतात, त्यांना आमच्या परभणीकडे महालक्ष्मी म्हणण्याचा परिपाठ आहे. अनुराधेवर आवाहन, ज्येष्ठेवर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन, असा हा तीन दिवसांचा सोहळा. कोठ्या मांडल्या जातात, मुखवटे उजळले जातात, आणि मग घरातील स्त्रियांपुढे सर्वांत नाजूक काम उभे राहते, ते म्हणजे देवीला साडी नेसवण्याचे.

षोडशोपचारांत स्नानानंतर येणारा सातवा उपचार वस्त्राचा. सेलूच्या परिसरात या उपचाराला एक आगळा अर्थ आहे. दुधनेच्या खोऱ्यातील काळ्या मातीत कापूस पिकतो आणि सेलूच्या बाजारात उतरतो. त्याच कापसाचा पुंजका हाती घेऊन, दुधाचे बोट लावीत, मध्ये मध्ये कुंकवाचे ठिपके देत, आठ-दहा वर्षांची नात आजीजवळ बसून देवासाठी वस्त्रमाळ करते. जिच्या हातून पुढे शेकडो कपडे शिवून व्हावयाचे असतात, तिने केलेले पहिले वस्त्र असे देवाच्या अंगावर चढलेले असते. तिच्या शिक्षणाचा श्रीगणेशा खरोखर तेथेच होतो.

आज ही मुलगी शिवणकलेचे रीतसर शिक्षण घेते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून शिवण तंत्रज्ञानाचे व फॅशन डिझाइनचे एक वर्षाचे अभ्यासक्रम आहेत. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या सामुदायिक विज्ञान महाविद्यालयात वस्त्र व परिधान या विषयाचे अध्ययन होते. सेलूहून परभणीस नेणारी रेल्वे गावातूनच जाते. मापे घेणे, कागदावर नमुना आखणे, तो कापडावर ठेवून खडूने खुणा करणे आणि मगच कात्री चालवणे, ही शिस्त तेथे अंगी बाणते. परंतु धावदोरा तिने त्यापूर्वीच आजीच्या गोधडीवर गिरवलेला असतो.

सर्वांत साधा कपडा कफनीचा. सेलूचे गोपाळराव देशमुख हे साईबाबांचे गुरू, असे दासगणू महाराजांनी ‘भक्तलीलामृता’त वर्णिले आहे. त्यामुळे बाबांची कफनी या गावाला परकी नाही. दोन सरळ शिवणी आणि गळा, एवढीच तिची रचना. पण सरळ शिवण सरळ येणे हीच पहिली परीक्षा होय. त्यानंतर झबले-टोपरे, मग परकर-पोलके. महालक्ष्मीपुढे बसणाऱ्या बाळांचे कपडे शिवावयास घेतले, की वीतभर अंगाला बाही बसवणे मोठ्या माणसाच्या कपड्याहून किती कठीण असते, हे कळून येते. कापड थोडे आणि चुकीला जागा त्याहून थोडी!

खरा पेच मात्र साडीपाशी येतो. अलीकडे महालक्ष्मीसाठी तयार शिवलेल्या साड्या बाजारात मिळतात. निऱ्या पक्क्या केलेल्या, पदर बसवलेला. कोठीवर चढवली, नाडी बांधली, की काम झाले. नोकरी सांभाळून सोळा भाज्यांचा नैवेद्य रांधणाऱ्या सुनेला ही सोय वाटली, तर तिला दोष देणे आम्हांस उचित वाटत नाही. पण अशी साडी पुष्कळदा कापून शिवलेली असते. विसर्जनानंतर देवीची साडी प्रसाद म्हणून घरातील सवाष्णीने नेसावी किंवा लेकीच्या ओटीत घालावी, अशी अनेक घरांची रीत आहे. कापलेली साडी ना नेसता येते, ना कोणाच्या ओटीत घालता येते. सोय हाती आली, पण प्रसाद हातचा गेला, असे होऊन बसते.

शिवण शिकणाऱ्या लेकीची कल्पकता येथे कसास लागते. कात्री न लावता तीच सोय साधता येईल काय? येते, असे या कामातील जाणत्या सांगतात. प्रथम कोठीचा घेर आणि उंची मापावी. घेराएवढा सुती पट्टा वेगळा शिवून त्याला नाडी घालावी. साडीच्या निऱ्या चार-पाच बोटांच्या घालून, त्यांची वरची कड तेवढी पट्ट्याच्या आतील बाजूस बारीक सुईने कच्च्या टाक्यांनी अडकवावी. जरीवर टाका घालू नये. पदराच्या चुण्याही तशाच कच्च्या धाग्याने धराव्यात. खण न कापता, घडी घालून मागे दोरीने बांधावा. ही तयारी आदल्या दिवशी होते आणि आवाहनाच्या वेळी धांदल उडत नाही. विसर्जन झाल्यावर धागा उसवला, की साडी पुन्हा अखंड!

आम्हांस वाटते, तिच्या शिक्षणाची खरी पायरी येथे आहे. कापता येणे ही विद्या, पण कोठे कापू नये हे उमजणे हा विवेक. सोवळ्यात शिवलेले वस्त्र वर्ज्य मानतात. मग सुई-कात्रीवर पोट असणाऱ्याने देवाच्या दारी उभे राहावे कसे, अशी शंका कोणी काढील. तिचे उत्तर आपल्याच मुलखाने दिले आहे. संत नामदेवांचे नरसी पूर्वी परभणी जिल्ह्यातच होते. 1999 साली ते नव्या हिंगोली जिल्ह्यात गेले. शिंप्याच्या कुळात जन्मलेल्या या भक्तशिरोमणीने आपल्या व्यवसायाची लाज बाळगली नाही. गज, कात्री, सुई आणि दोरा यांनाच त्यांनी आपल्या पदांतून भक्तीची भाषा बोलावयास लावले. त्यांची 61 पदे गुरु ग्रंथ साहिबात आदराने समाविष्ट झाली. देवाला सुईचे वावडे नाही, याहून मोठी साक्ष कोणती हवी?

महालक्ष्मीच्या तिसऱ्या दिवशी सुताच्या गाठी पाडतात. हळदकुंकू व फुलापानांसह घेतलेला तो साधा दोरा त्या दिवशी पूज्य होतो. ज्या घरात दोऱ्याचा असा मान आहे, त्या घराने दोरा हाती धरणाऱ्या लेकीचाही मान राखावा. ‘शिवणाचा क्लासच तर करते,’ असे म्हणून तिच्या श्रमाला हलके लेखू नये. शेजारच्या चार घरांच्या साड्या तिने लावून दिल्या, तर तिच्या हाती योग्य मोबदला आनंदाने ठेवावा. तीही लक्ष्मीचीच पूजा आहे.

यंदा महालक्ष्मीपुढे हात जोडताना वाचक भगिनींनी निऱ्यांकडे क्षणभर निरखून पाहावे. तेथे एखादा कच्चा टाका दिसला, तर तो घालणाऱ्या बोटांनाही मनोमन आशीर्वाद द्यावा.