जमिनीखालचा संसार

लपून राहिलेल्या ज्यू कुटुंबांचा विषय निघाला की आपल्याला ॲम्स्टरडॅमचे फ्रँक कुटुंब आठवते. तेथल्या आठ जणांपैकी एकटे ऑटो फ्रँक जिवंत परतले. स्टेर्मर कुटुंबाची हकीकत मात्र मराठीत फारशी सांगितली गेलेली नाही. कोरोलूव्का हे त्यांचे गाव. महायुद्धापूर्वी ते पोलंडमध्ये होते, आज युक्रेनमध्ये आहे.

१९४२ मध्ये जर्मनांनी ज्यूंना घरे सोडून घेट्टोत जाण्याचा हुकूम काढला. तेथून पुढची वाट मरणाचीच, हे एस्थर स्टेर्मर या गृहिणीने ओळखले. मुले, लेकी-जावई आणि काही सोबती यांना घेऊन ती व्हेर्टेबा नावाच्या गुहेत उतरली. ती जागा वाईट होती. पाणी म्हणजे छतावरून ठिबकणारे थेंब, आणि चूल पेटवावी तर धूर कोंडे. १९४३ च्या वसंतात जर्मनांनी ती शोधून काढली. एस्थर शिपायांशी हुज्जत घालत उभी राहिली, तेवढ्यात बरेच जण आधीच खणून ठेवलेल्या दुसऱ्या वाटेने निसटले.

मे महिन्यात त्यांना दुसरी गुहा सापडली. ती एका पाद्र्याच्या शेतात असल्यामुळे लोक तिला पाद्र्याचा खड्डा म्हणत. हा सारा प्रदेश जिप्समचा. पाण्यात तो खडक विरघळतो आणि आत बोळांचे जाळे तयार होते. या एका गुहेचेच बोळ आज शंभर किलोमीटरहून अधिक मोजले गेले आहेत. आत तळी होती, म्हणून पाण्याची ददात मिटली. हवा खेळती होती, त्यामुळे धूर कोंडत नसे. थंडी मात्र बारा महिने सारखीच, सुमारे दहा अंश.

३८ माणसे येथे ३४४ दिवस राहिली. पुरुष रात्री बाहेर पडून सरपण, बटाटे, धान्य आणीत. बायका जात्यावर दळीत. होय, जातेही खाली नेले होते! तेल वाचवायचे म्हणून दिवा थोडाच वेळ लागे, बाकी अंधार. कित्येकदा माणसे दिवसाचे वीस-बावीस तास झोपून काढीत. एकदा गावकऱ्यांनी गुहेचे तोंड माती टाकून बुजवले, तेव्हा आतून खणून नवी वाट करावी लागली. या कथेत लोक शौर्य शोधतात. मला तिच्यात अधिक दिसतो तो एस्थरबाईंचा काटेकोर घरसंसार: कोणी काय करायचे, कोणाला किती मिळायचे, हे ठरलेले होते.

१२ एप्रिल १९४४ रोजी, जर्मन गेल्याची चिठ्ठी एका ओळखीच्या शेतकऱ्याने बाटलीत घालून खाली टाकल्यानंतर, ती मंडळी चिखलाने माखलेली बाहेर आली. वर बर्फ पडलेले आणि लख्ख ऊन. एका चार वर्षांच्या मुलीला सूर्य आठवतच नव्हता. तो मोठा दिवा विझव, असे ती आईला सांगू लागली.

पुढे ही मंडळी कॅनडा-अमेरिकेत गेली आणि एस्थरबाईंनी आपल्या आठवणी लिहिल्या. १९९३ मध्ये क्रिस निकोला हा अमेरिकी गुहाशोधक त्या गुहेत उतरला, तेव्हा त्याला जुने बूट, बटणे आणि ते जाते तेथेच पडलेले सापडले.