अहवालातील एक वाक्य

निरीक्षणगृहातील अधिकाऱ्याचे काम म्हणजे किल्ल्या आणि हजेरी, असा माझाही समज होता. महाराष्ट्रातील अशा एका गृहात परिवीक्षा अधिकारी असलेल्या माझ्या जुन्या विद्यार्थ्याने तो दूर केला. मुलगा बाल न्याय मंडळापुढे प्रथम हजर झाल्यापासून १५ दिवसांत त्याचे घर, शाळा, सोबती यांची माहिती घेऊन सामाजिक चौकशी अहवाल द्यावयाचा असतो, आणि अंतिम आदेश देताना मंडळ तो विचारात घेते.

१९८६ च्या कायद्यातील ‘अपचारी’ मुलगा २००० च्या कायद्याने ‘विधिसंघर्षग्रस्त’ झाला. (हा समास उच्चारताना माझीही जीभ अडखळते!) २०१५ च्या कायद्याने तर बालकाविषयीच्या कार्यवाहीत आरोपवाचक शब्दच वर्ज्य ठरविले. भाषेच्या अध्यापकाला याहून अधिक काय हवे?

परंतु शब्द बदलणे सोपे, पाहणे कठीण. नावगाव झाकून त्याने मला एक मसुदा दाखविला. ‘मुलगा उर्मट आहे, उत्तरे देत नाही’ हे वाक्य त्याने स्वतःच खोडले होते. वर बारीक अक्षरांत लिहिले होते : ‘आईचा विषय निघाला की गप्प होतो.’ घरी गेल्यावर त्यास कळले की, आई तीन महिन्यांपूर्वी वारली होती. शाळेच्या हजेरीपटावरील गैरहजेरीही त्याच आठवड्यापासूनची होती.